काटा शून्यावर

मस्कतच्या विमानतळावर
बॅगा ठेवतात त्या पट्ट्यावर
मी तुला ठेवलं, आजो.
तांब्याचा गडू, तोंडाला लाल फडकं,
त्यावर आईने गुंडाळलेला तिचा जुना टॉवेल.
आकडे जरा घुटमळले
आणि थांबले : तीन किलो शंभर.
काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली,
हे हातात घ्या. हे सामान नाही.

मला मात्र तिथेच ऐकू आलं,
"आधी शून्य बघितलंस काय रे?"

नव्हतं बघितलं.
शिवाय गडूचं वजन वजा करायला हवं,
टॉवेलचं, फडक्याचं,
आईने गाठ मारताना आत पडलं असेल त्याचंही.
मग तू किती उरतोस
हे गणित रांगेत उभं राहून सुटत नाही.

मत्रा बाजारात अत्तरवाल्यांच्या पुढे
उजवीकडे दोन पायऱ्या उतरलं की तुझं दुकान.
दुकान कसलं,
खुर्ची मागे सरकवायची तर गिऱ्हाइकाला बाहेर जावं लागे.
टांगलेली पितळी पारडी, डब्यात स्प्रिंगा,
शिवणयंत्राच्या तेलाची बाटली,
आणि मखमलीच्या पेटीत वजनं,
नखाएवढ्या एका ग्रॅमपासून.
ती तू चिमट्यानेच उचलायचास.
मी एकदा बोटाने उचललं तेव्हा ओरडला नाहीस,
फक्त फडक्याने पुसत बसलास.
"घामाक पण वजन असता."

लोबानवाले यायचे, चांदीवाले, सुक्या मासळीवाले,
खजुराच्या दिवसांत निझवाचे शेतकरी
पिकअपमागे भलाथोरला काटा बांधून.
एकजण म्हणाला, पाच ग्रॅम माझ्या बाजूला झुकव.
तू त्याचा काटा उघडा होता तसाच
पिशवीत भरून त्याच्या हातात दिलास.
काही महिने तो पलीकडच्या गल्लीतून जायचा.
मग एका ईदेला हलव्याचा डबा घेऊन आला.
तू डबा घेतलास, आणि सवयीने
आधी तोलून बघितलास.
दोघं किती हसलात.

दोन वर्षांसाठी आलेलास, एकाहत्तर साली, बोटीने.
परत का नाही गेलास, मी विचारायचो.
"खवण्याच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजता."
इथेही समुद्र दारातच होता.
मी काही बोललो नाही.

सोहारला तुला नेलं तेव्हा
वाटभर मागे शंबे बलोचची गाडी.
कंदील विकणारा तुझा शेजारी, ऐंशीच्या पुढचा,
तुमचं भांडण रेडिओच्या आवाजावरून,
बेचाळीस वर्षं तेच एक.
स्मशानाच्या फाटकाशी त्याने
खिशांतून लोबान काढून माझ्या ओंजळीत ओतला,
या खिशातून, त्या खिशातून,
कुर्त्याच्या आतल्या चोरखिशातून.
किती झाले चाचा, मी विचारलं. काय म्हणून विचारलं!
म्हणाला, आज तोलायचं नाही.

खवण्याच्या खाडीत तुला सोडून आलो.
पाणी ओहोटीचं होतं, पटकन नेलं.

काल दुकान आवरायला गेलो तर
एक मासळीवाली दारात उभी.
माझा काटा म्हाताऱ्याकडे आहे, म्हणाली.
तिला ठाऊक नव्हतं.
सांगितलं, तर पायरीवरच बसली,
बुरख्याच्या टोकाने डोळे पुसले, आणि मग
तरीही काटा लागणारच होता तिला,
सकाळी मासळी येते.

तुझ्या चिठ्ठीवर लिहिलेलं, "फक्त शून्य बाकी."
मी तुझा बारका पान्हा घेतला,
स्क्रू फिरवला केसभर,
अजून केसभर.
काटा थरथरायला लागला.
थरथर थांबेपर्यंत हात लावायचा नाही,
श्वाससुद्धा बाजूला सोडायचा,
हे तूच शिकवलेलं.

बाहेर मगरिबची अजान झाली, दिवे लागले.
शंबेने रेडिओ लावला
आणि स्वतःच बारीक केला.
बाई पायरीवर बसून आहे, मी उभा.

अजून हलतोय थोडा.